डबल गुलाब आणि चार पंखांची माशी

बोलायला सुरुवात करण्याआधी मी हा गुलाब सोलणार आहे. पुढच्या रांगेला दिसेल, मागच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा. बाहेरची हिरवी पाच निदलं तशीच राहू देतो. त्यांच्या आतल्या पाकळ्या रुंद आणि गुळगुळीत आहेत. आणखी आत गेलं की त्या अरुंद होत जातात, कडा मुडपतात. आणि ही बघा, जवळजवळ मध्यावरची. अर्धी पाकळी, आणि एका कडेला चिकटलेली पिवळी गाठ, परागकोशासारखी. हिला पाकळी म्हणायचं की पुंकेसर? तिचं तिलाच ठरलेलं नाही.

रानगुलाबाला पाकळ्या पाचच असतात आणि पुंकेसर ढीगभर. माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भरगच्च फुलं निवडली, तेव्हा त्यांनी नकळत जागांची अदलाबदल निवडली. अवयव नवा एकही आलेला नाही. एका जागेचा अवयव दुसऱ्या जागी उगवला, एवढंच. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १८९४ साली अशा विचित्र नमुन्यांचा मोठा संग्रह ग्रंथरूपाने मांडला, त्यात प्राणी होते आणि वनस्पतीही. या प्रकाराला त्यांनी ‘होमिओसिस’ हे नाव दिलं. मला नेहमी वाटतं की विकृती म्हणून लोक ज्याच्यावरून नजर फिरवतात, तिथेच शरीर कसं घडतं याचा हिशेब उघडा पडलेला असतो.

आता माशीकडे येऊ. फळमाशीला पंखांची एकच जोडी. त्या जोडीच्या मागच्या खंडावर, जिथे फुलपाखराला दुसरी जोडी असते, तिथे माशीला बारीक देठाच्या दोन गुंड्या असतात. उडताना त्या थरथरत राहतात आणि आपण कुठे कलंडतोय हे माशीला त्यांच्यावरून कळतं. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी अनेक वर्षं संकर करून गुणसूत्राच्या एकाच पट्ट्यातली काही उत्परिवर्तनं एका माशीत एकत्र आणली, आणि त्या गुंड्यांच्या जागी पूर्ण वाढीचे पंख आले. चार पंखांची माशी. वक्षाचा तिसरा खंड स्वतःला दुसरा समजून बसला होता. बिचारीला उडता येत नाही. काचेच्या बाटलीबाहेर ती टिकायची नाही, जसा बी न धरणारा डबल गुलाब कलमाशिवाय टिकत नाही.

यामागचं जनुक अल्ट्राबायथोरॅक्स. ते स्वतः पंख किंवा गुंडी बनवत नाही. त्याचं प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि इतर जनुकांना चालू-बंद करतं. शरीराच्या खंडांना त्यांची ओळख देणाऱ्या अशा जनुकांना हॉक्स म्हणतात. फळमाशीत ती आठ आहेत आणि गंमत म्हणजे गुणसूत्रावर ती साधारण त्याच क्रमाने मांडलेली आहेत, ज्या क्रमाने ती डोक्यापासून शेपटीकडे शरीर आखतात. १९८३-८४च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत आणि अमेरिकेत मॅथ्यू स्कॉट यांच्याकडे लक्षात आलं की या जनुकांमध्ये डीएनएच्या १८० अक्षरांचा एक तुकडा सामाईक आहे. त्यापासून ६० अमिनो आम्लांची पकड बनते, डीएनए धरणारी. या तुकड्याला होमिओबॉक्स म्हणतात. मग तो बेडकात सापडला, उंदरात सापडला, आपल्यात सापडला. माणसात हॉक्स जनुकं ३९, चार गटांत.

नावांबद्दल जरा बोलू द्या, कारण विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. माशीची जनुकं बिघाडावरून ओळखली जातात. डोळे घडवायला लावणाऱ्या जनुकाचं नाव ‘आयलेस’, म्हणजे नेत्रहीन, कारण ते बिघडलं की डोळा येत नाही. वायरमनला ‘अंधार’ अशी हाक मारावी, तसं हे. १९९५ साली गेहरिंग यांच्या गटाने त्याचा उंदरातला भाऊबंद, पॅक्स-सिक्स, माशीच्या पायावर चालू केला. पायावर डोळा आला. पण कुणाचा? माशीचाच, छोट्या-छोट्या भिंगांचा. उंदराच्या जनुकाने ‘इथे डोळा’ एवढंच सांगितलं, डोळा कसा घडवायचा ते माशीला ठाऊक होतं. मी स्वतः कित्येक वर्षं वर्गात ‘डोळ्याचं जनुक’ म्हणत आलो. म्हणू नये.

प्राण्यांत हे इतकं नेटकं जुळल्यावर फुलातही होमिओबॉक्सच निघेल अशी अटकळ बांधणं साहजिक होतं. १९९१ साली एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी फुलाचं गणित मांडलं. एक स्नॅपड्रॅगन या बागेतल्या फुलझाडावर काम करत होते, दुसरे अरॅबिडॉप्सिसवर, मोहरीच्या कुळातल्या एका किरकोळ तणावर. फुलाची चार वलयं असतात: निदलं, पाकळ्या, पुंकेसर आणि मध्यभागी स्त्रीकेसर. त्यांच्यासाठी जनुकांची तीन कामं पुरतात, त्यांना ए, बी आणि सी म्हणू. नुसतं ए असेल तर निदल. ए आणि बी मिळून पाकळी. बी आणि सी मिळून पुंकेसर. नुसतं सी, तर स्त्रीकेसर. ए आणि सी एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. सी काढून टाका, ए आत पसरतो, पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. शिवाय ‘आता थांबा’ हे सांगण्याचं कामही सीचंच, त्यामुळे मध्यभागी स्त्रीकेसराऐवजी नवं फूल सुरू होतं, त्याच्या आत आणखी एक. तिन्ही कामं बंद केली की चारही वलयांत पानांसारखे अवयव येतात. फूल म्हणजे पानांचंच रूपांतर, हे जर्मन कवी गटेने १७९० साली लिहून ठेवलं होतं. माझ्या हातातल्या गुलाबात सीचं जनुक मोडलेलं नाही, त्याची हद्द आक्रसून मध्याकडे सरकली आहे.

पण ही जनुकं वाचली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत होमिओबॉक्स नव्हताच. वेगळीच पकड होती. तिला मॅड्स म्हणतात. चार जनुकांच्या आद्याक्षरांवरून हे नाव आलं: एक यीस्टचं, एक अरॅबिडॉप्सिसचं, एक स्नॅपड्रॅगनचं आणि चौथं माणसाचं. हो, माणसाचं. आपल्यातही या घराण्याची मोजकी जनुकं आहेत आणि स्नायू घडवताना, हृदयाचे स्नायूसुद्धा, ती कामाला येतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये मात्र त्यांची संख्या शंभरच्या वर गेली आहे. उलट होमिओबॉक्सही वनस्पतींत आहेच. १९९१ सालीच मक्यात तो सापडला, ‘नॉटेड’ नावाच्या जनुकात. हे जनुक एरवी शेंड्यावरच्या पेशी वाढत्या ठेवतं. नको तिथे, पानात, चालू झालं की पानावर गाठी उठतात.

म्हणजे दोन्ही घराणी दोन्हीकडे आहेत, फक्त कामं वेगळी वाटली गेली. का, ते वंशावळीत पाहिलं की कळतं. वनस्पती आणि प्राणी यांचा शेवटचा सामाईक पूर्वज सुमारे दीडशे कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो एकपेशीय होता. त्याला ना डोकं होतं, ना देठ. अनेक पेशींचं शरीर घडवायचं आणि प्रत्येक पेशीला तिची जागा सांगायची, हा प्रश्न दोन्ही शाखांनी पुढे स्वतंत्रपणे सोडवला. हाताशी अवजारांची पेटी तीच होती. एकीने एक अवजार उचललं, दुसरीने दुसरं, आणि ज्याने त्याने आपल्याच्या प्रती वाढवत नेल्या. वनस्पतीची पेशी तर भिंतीत कोंडलेली, तिला गर्भातल्या पेशींसारखं चालत दुसरीकडे जाताच येत नाही. तरीही उत्तराचा साचा तोच निघाला: हद्दी आखणारे थोडे नियामक, आणि त्यांचे एकमेकांवर लगाम. मला या साऱ्या विषयात सर्वांत थक्क करणारं हेच वाटतं.

एक गोष्ट मात्र दोघांनी सामाईक वारसा म्हणून जपली: कुलूप. माशीत पॉलिकोम्ब गटाची प्रथिनं हॉक्स जनुकांना नको त्या खंडात बंद ठेवतात, आणि पेशी दुभंगली तरी हे बंद असणं पुढे चालू राहतं. १९९७ साली अरॅबिडॉप्सिसमधलं ‘कर्ली लीफ’ नावाचं जनुक वाचलं, तर ते याच गटातलं निघालं. ते बिघडलं की पानं वळतात, कारण फुलातलं सीचं जनुक पानात चालू होतं. राखायचा ऐवज वेगळा, एकीकडे हॉक्स, दुसरीकडे मॅड्स, पण कुलूप एकाच कारखान्यातलं.

उत्क्रांती या नियामकांशी खेळते तेव्हा ती प्रथिनाला बहुधा हात लावत नाही, त्याचा पत्ता बदलते. हिमयुगानंतर गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकलेल्या स्टिकलबॅक माशांचे पोटाकडचे काटे अनेक तळ्यांत स्वतंत्रपणे गेले. ते काटे घडवायला लावणारं पिटेक्स-वन हे जनुक जबड्यातही कामाला येतं, आणि ते शाबूत राहिलं. गेला तो फक्त ‘पोटाखाली चालू हो’ सांगणारा शेजारचा तुकडा. जबडा नीट, काटे गायब. मक्याचंही तसंच. टिओसिंटे या फांद्याच फांद्या असलेल्या रानगवताचा एकदांडी मका होण्यात एका जनुकाचा मोठा वाटा आहे, आणि त्यातला कळीचा बदल जनुकापासून सुमारे ६० हजार अक्षरं दूर, एका उडत्या डीएनए तुकड्याने येऊन बसल्यामुळे झाला.

त्या मक्याच्या जनुकाचा एक नातलग सांगतो आणि थांबतो. लिनेरिया नावाचं एक रानफूल आहे, एरवी दोन ओठांचं, डावी-उजवी बाजू सारखी, वर-खाली वेगळं. १७४४ साली कार्ल लिनियस यांनी त्याचा एक नमुना वर्णिला, पाचही बाजूंनी सारखा, चक्राकार. ते इतके चक्रावले की त्याला ‘पेलोरिया’ म्हणाले, ग्रीकमधला राक्षस. १९९९ साली कोएन आणि सहकाऱ्यांनी त्या प्रकारच्या फुलांतलं हे नातलग जनुक अक्षर-अक्षर तपासलं. ज्यामुळे फूल बिघडावं अशी चूक त्यात सापडली नाही. जनुकावर मिथाइलचे रासायनिक टिकले दाट बसले होते आणि ते गप्प झालं होतं. अधूनमधून त्याच झाडाच्या एखाद्या फांदीवर ते टिकले विरळ होतात, आणि तिथे पुन्हा दोन ओठांची फुलं येतात.