डब्याबरोबर आलेला एसएमपीएस

नमस्कार मंडळी. निमंत्रणावर विषय छापलाय ‘बजेटमध्ये बसणारा गेमिंग डेस्कटॉप’. समोर बसलेल्यांपैकी निम्मे जण ‘ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ’ एवढं एकच उत्तर न्यायला आलेत, याची मला कल्पना आहे. ते उत्तर मिळेल. पण आधी या टेबलावरच्या दोन एसएमपीएसबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यांबद्दल, बोलू द्या. गेमिंग पीसी म्हटलं की लोक फ्रेम्सवर बोलतात, कोअर्सवर बोलतात, पंख्यातल्या रंगीत दिव्यांवरही बोलतात. आणि ज्याच्यातून या सगळ्यांना वीज मिळते, त्याचा उल्लेख कोटेशनच्या शेवटच्या ओळीत ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ एवढाच. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या नावानं विचारलंत तर समोरचा क्षणभर थांबतो. तिथे कोटेशन मागा. रक्कम सांगितली की दुकानदार भराभर लिहून देतो, आणि शेवटी बेरीज जुळली नाही की पहिली कात्री लागते ती एसएमपीएसला. दोन-अडीच हजार वाचतात, तेच कार्डात जातात. गिऱ्हाईक खूश, कारण कार्ड एक पायरी वरचं मिळालं. माझी तक्रार आहे ती इथेच.

हा पहिला डबा बघा. मोठ्या अक्षरात ४५० वॉट. आता त्याखालचा बारीक तक्ता वाचतो. वर व्होल्ट, खाली अँपिअर, असे रकाने आहेत. अधिक १२ व्होल्टच्या खाली लिहिलंय १६ अँपिअर. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे १९२ वॉट. आजच्या कॉम्प्युटरात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोन्ही खादाड मंडळी जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. मग उरलेले वॉट कुठे आहेत? ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत, जिथे ते मागणारं आता फारसं कुणी नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

हा दुसरा. यावर ५५० वॉट लिहिलंय आणि १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअर. गुणाकार ५४०. याला म्हणायचं ५५० वॉट. दुकानात उभं असताना एवढा एक गुणाकार मोबाईलवर करा. तक्ताच छापलेला नसेल, तर तो डबा तिथेच खाली ठेवा.

आता मागणी किती, ते बघू. उदाहरणाला रायझन ५ ५६०० आणि रेडिऑन आरएक्स ६६०० घेऊ, कारण कमी बजेटात ही जोडी बरीच दिसते. या प्रोसेसरची ठरवून दिलेली कमाल मर्यादा ७६ वॉट. कार्डाची १३२. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, यूएसबीला लावलेलं सटरफटर मिळून पन्नास धरा. बेरीज झाली साधारण २६०. वर कार्डाचा स्वभाव असा, की ते सरासरी १३२ घेत असलं तरी मिलिसेकंदाच्या हिशेबात मध्येच त्याहून बरीच मोठी उसळी घेतं. म्हणून खऱ्या ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा. साडेसातशेची या जोडीला गरज नाही. पण १९२ वॉटवर २६० मागायचे, तर काय होईल?

गंमत म्हणजे पहिल्या दिवशी काहीच होत नाही. विंडोज चालतं, यूट्यूब चालतं, हलके गेमही चालतात. मग एखादा जड गेम लावला की वीस मिनिटांनी पडदा काळा आणि मशीन रीस्टार्ट. निळा पडदा नाही, एरर नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, नोंद सापडते ‘कर्नल-पॉवर ४१’, जिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता अचानक गेलं. इथून त्या घरातली साडेसाती सुरू होते. आधी फॉरमॅट मारतात. मग ड्रायव्हर बदलतात. मग कुणीतरी सांगतं, रॅम काढून खोडरबरानं पुसून बघ. मग कार्ड वॉरंटीला जातं, दोन-तीन आठवड्यांनी ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत येतं. वडील म्हणतात, गेम खेळून खेळूनच बिघडला. एसएमपीएसवर संशय येतो सगळ्यात शेवटी, कारण पंखा फिरतोय म्हणजे तो चालू आहे, अशी आपली समजूत.

पंखा फिरण्यावरून काहीही कळत नाही. नियमाप्रमाणे १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी, आणि तिच्यावरची थरथर, म्हणजे रिपल, १२० मिलिव्होल्टच्या आत. फुटकळ एसएमपीएस भार आला की खाली बसतो आणि थरथर वाढते. ती थरथर मदरबोर्डवरचे आणि कार्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, रोज थोडे थोडे खाते. आणि ज्या दिवशी तो मरतो, त्या दिवशी एकटा मरेल याची खात्री नसते. आत ओव्हरव्होल्टेज, ओव्हरकरंट यांची संरक्षणं असावी लागतात. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या डब्यात तिथे सर्किट बोर्डवर मोकळ्या जागा असतात: छापलेलं आहे, भाग बसवलेलाच नाही.

मागच्या बाजूला लाल सरकतं बटण असेल, २३० आणि ११५ लिहिलेलं, तर ते हातही न लावता नीट बघा. आपली लाईट २३० व्होल्टची. ते ११५ वर असताना प्लग लावला तर मोठा आवाज येतो आणि विषय संपतो. ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे लाईनीतून वीज एकसारखी ओढणारं सर्किट, असलेल्या एसएमपीएसला हे बटण नसतं. आणि ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का असावाच, पण तो कशाचा आहे ते लक्षात ठेवा. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते, याचा तो शिक्का. संरक्षणं कशी आहेत, ते तो सांगत नाही. त्यासाठी वॉरंटी बघा. पाच वर्षं देणारा सहसा आतलं सामान बरं वापरतो.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी लागतात, त्या परदेशी व्हिडिओंत सापडत नाहीत. पहिली, अर्थिंग. जुन्या वाड्यात, चाळीत, भाड्याच्या खोलीत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची तार नसते. किंवा प्लगची तिसरी पिन कुणीतरी कापलेली असते. अनवाणी बसून कॅबिनेटला हात लावला की बारीक मुंग्या येतात, टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो. लोक म्हणतात मशीनला शॉक मारतोय, आणि खाली पुठ्ठा टाकतात. होतं असं, की एसएमपीएसच्या दाराशी गाळणी म्हणून दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून अर्थकडे, दुसरा न्यूट्रलकडून अर्थकडे. अर्थच नसेल तर त्यांचा मधला बिंदू, म्हणजेच तुमचं कॅबिनेट, निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून मुंग्यांवर निभावतं. पण त्याच अवस्थेत टीव्हीची किंवा केबलची तार जोडलीत तर एचडीएमआय पोर्ट जळू शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थ तपासून घ्या. पुठ्ठ्यानं हे सुटत नाही.

दुसरी गोष्ट लाईट जाण्याची. लाईट जाते, इन्व्हर्टर लागतो, पंखा फिरतच राहतो, पण कॉम्प्युटर बंद पडतो. का? एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरात थोडा दम साठलेला असतो, चांगल्या एसएमपीएसात साधारण १६-१७ मिलिसेकंदांचा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे पुरतं एक आवर्तनही नाही. तेवढ्यात इन्व्हर्टरनं सूत्रं हातात घेतली तर ठीक. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं, ते तिकडे सरकवा, बदल लवकर होतो. फुटकळ एसएमपीएसात तो कपॅसिटरच लहान घातलेला असतो, त्यामुळे दम आधीच संपतो.

यूपीएस घेणार असाल तर इथेही गुणाकार आहे. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. आपली २६० ची मागणी, ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून तीनशेच्या वर जाते. मॉनिटरचे तीस मिळवा. म्हणजे ऐन गेममध्ये तो काठावर. एक केव्हीए घ्या, किंवा लाईट गेली की लगेच गेम बंद करायची सवय लावा.

आयोजकांनी दहा मिनिटं राहिल्याची खूण केली आहे. तेव्हा आता निमंत्रणावर जे छापलंय, ते भराभर सांगतो.

मॉनिटर सोडून जी रक्कम आहे, तिच्यातली ३५ ते ४० टक्के ग्राफिक्स कार्डाला. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून तीस टक्क्यांच्या आत. एसएमपीएसला सात-आठ टक्के बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. उरलेल्यात रॅम, एसएसडी, कॅबिनेट. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. म्हणून रॅमचा भाव त्या आठवड्यात विचारा, जुन्या व्हिडिओवर जाऊ नका.

प्रोसेसर: रायझन ५ ५६०० म्हणजे ६ कोअर, १२ थ्रेड. त्याहून कमीत कोअर आय३ १२१००एफ, ४ कोअर, ८ थ्रेड. दोन्हींत अंगचे ग्राफिक्स नाहीत, कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. नावं नीट वाचा. ५५०० आणि ५६००जी हे ५६०० चे जुळे भाऊ वाटतात, पण त्यांची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी, ५६०० ची ३२, आणि दोघंही पीसीआय एक्सप्रेस ३.० वर, म्हणजे कार्डाकडे जाणाऱ्या वाटेच्या जुन्या, हळू आवृत्तीवर थांबतात. जुना बी४५० मदरबोर्ड घेत असाल तर ५६०० ओळखणारा बायोस, म्हणजे बोर्डावरचा मशीन सुरू करणारा प्रोग्राम, आत आहे का, ते विचारून घ्या. नाहीतर सगळं जोडूनही पडदा काळा.

कार्ड: १०८०पी, म्हणजे फुल एचडी पडद्याला ८ जीबी मेमरी हा माझा किमान आकडा. आरएक्स ६६०० त्यात बसतं. आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. ४ जीबी, आणि बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डवर ते आणखी अडखळतं. आर्क ए७५० घ्यायचं तर बोर्डावर रीसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू करता यायला हवा, त्याशिवाय ते मंदावतं. जुन्या ऑफिसच्या मशीनवर कार्ड चढवायचा विचार असेल तर आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती बघा. ७० वॉट घेते, स्लॉट ७५ देतो, वेगळी तार लागत नाही. पण अरुंद कॅबिनेटला अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं, आणि तिथला पॉवर कनेक्टर बहुधा कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला एसएमपीएस त्याला बसत नाही. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. सहावी-सातवी पिढी स्वस्त मिळतेय ती त्यामुळेच.

रॅम एक १६ जीबीची कांडी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन. डीडीआर४ ३२०० ची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी. मग बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगानं चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानं पळत राहते आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

जोडताना: बोर्डाखालचे पितळी खांब भोकांइतकेच ठेवा, जास्तीचा एखादा राहिला तर मागून शॉर्ट करतो. प्रोसेसरची आठ पिनांची तार ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २. दिसायला सारख्या, आत उलट्या. जोर लावावा लागला तर चुकीची आहे. कार्डाला तार कमी पडली म्हणून मोलेक्सचं, म्हणजे जुन्या चार पिनांच्या तारेवरचं, कन्व्हर्टर लावू नका. आठ पिनांवर १५० वॉट, म्हणजे १२.५ अँपिअर, दोन बारीक तारांवर टाकताय. आणि मॉड्युलर, म्हणजे तारा सुट्या होणारा, एसएमपीएस बदलला तर तारासुद्धा सगळ्या बदला. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते, जुनी तार बसते आणि एसएसडी जाते.

बिल पक्कं घ्या. ‘बिल नको, १८ टक्के वाचतील’ असं सुचवलं जातं, पण वॉरंटीच्या खिडकीवर पहिली मागणी बिलाचीच होते, त्यावर सिरीयल नंबर लिहिलेला असू द्या.

प्रश्न बाहेर घेऊ. हे दोन्ही डबे टेबलावरच आहेत, प्लग काढलेले. पुढे या, लेबलं वाचा, १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि आपल्या घरच्या मशीनचंही आज रात्री वाचा.