हा फवारा वेलीसाठी आहे

मंडळी, वनस्पतींच्या अर्काचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, याने भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, मरते का?" मी "नाही" म्हटलं की निम्मे लोक मोबाइल काढतात. आज जरा दम धरा. हा फवारा बुरशीला मारायला जातच नाही. तो द्राक्षाच्या वेलीला जागं करायला जातो.

१९६१ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या खालच्या पानांवर मोझॅक रोगाचा विषाणू चोळला. त्यांनी घेतलेल्या जातीत विषाणू शिरला की आसपासच्या पेशी स्वतःहून मरतात. पानावर बारीक ठिपका पडतो आणि विषाणू त्यातच कोंडला जातो. रॉस यांनी काही दिवस जाऊ दिले आणि मग वरच्या, कोऱ्या पानांवर तोच विषाणू चोळला. ठिपके आले, पण थोडे आणि आणखी बारीक. खालच्या पानांचा निरोप वर पोचला होता! पुढे १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात व्हाइट यांनी तंबाखूला ॲस्पिरिन टोचलं, तर आधी रोग न लावताही तेच घडलं. त्यातून ॲस्पिरिनच्या जातकुळीतल्या, झाडाला सावध करणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाचा माग लागला. हे ऐकून घरी जाऊन पंपात गोळ्या टाकू नका. प्रमाण चुकलं की पानं करपतात.

आता निरोप द्यायला विषाणूच कशाला हवा? रशियाच्या सखालिन बेटावर आणि उत्तर जपानमध्ये एक दांडगं, झुडपासारखं रोप वाढतं, रेनोट्रिया. युरोपात ते बागेची शोभा म्हणून नेलं आणि तण होऊन बसलं. आपल्याकडे घाणेरीचं झालं तसंच. त्याच्या पानांचा अर्क काकडीवर मारला की काकडी स्वतःच फिनॉल नावाची बुरशीविरोधी द्रव्यं तयार करते आणि भुरी कमी पडते. या अर्काची तयार औषधं बाजारात आली आहेत. समुद्रातल्या तपकिरी शेवाळातलं लॅमिनारिन तर सरळ झाडाला फसवतं. त्या शर्करेची ठेवण बुरशीच्या पेशीभित्तिकेशी जुळते, म्हणून झाडाला वाटतं, आली बुरशी!

आणि आपल्या बांधावरची घेटुळी? तीच पुनर्नवा, जी आजी सुजेवर द्यायची. तिच्या मुळांच्या अर्कावर लखनौला वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ वर्षं काम केलं. त्या मुळांत एक प्रथिन आहे. विषाणू येण्याआधी अर्क फवारला तर झाडाचा प्रतिकार वाढतो, अर्क न लागलेल्या पानांतसुद्धा. मिरची-टोमॅटोवाल्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण विषाणूला मारणारं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही.

याला काहीजण झाडाची लस म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. लस एका ठरावीक रोगाची ओळख पटवते आणि ती ओळख बराच काळ टिकते. इथे झाड सगळ्यांच्याच विरोधात थोडंथोडं सावध होतं, आणि काही दिवसांनी पुन्हा सुस्तावतं. शिवाय सावध राहणं फुकट नसतं. ती ताकद वाढीतून, फळातून जाते. म्हणून उठसूट फवारणी नको. रोगाला पोषक हवामान यायच्या काही दिवस आधी हवी, आणि पूर्ण बंदोबस्ताची अपेक्षाही नको. माझ्या मते याचा खरा उपयोग रासायनिक फवारण्यांतल्या एक-दोन वाचवण्यात आहे. युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्याला फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची धास्ती असते. त्याला तेवढंही मोलाचं आहे.

दशपर्णीचं, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काचं, विचाराल तर मी अडचणीत येतो. कडुनिंब, निरगुडी, करंज, रुई, सीताफळ, सगळं एका पिंपात महिनाभर सडवलं. त्यातल्या कशाने कीड पळाली, बुरशी कशाने दबली आणि झाड कशाने जागं झालं, कसं सांगणार? दर पिंपाचा माल वेगळा. मी तिला खोटी म्हणत नाही, पण "शेजाऱ्याला फरक पडला" हा पुरावा नव्हे.

पुरावा तुम्हीच काढा. एका ओळीवर अर्क मारा, एकीवर नुसतं पाणी. तिसऱ्या ओळीत फक्त खालच्या पानांवर अर्क, वरची पानं झाकून कोरी ठेवा. त्या कोऱ्या पानांवरही पाण्याच्या ओळीपेक्षा भुरी कमी दिसली, तर वेल जागी झाली असं म्हणायला जागा आहे. रॉस यांनी याहून फार वेगळं काही केलं नव्हतं.

मागून प्रश्न आलाय: पानामागे केवडा, म्हणजे दुसरा बुरशीसारखा रोग, दिसायला लागला असेल तर? मग अर्क राहू द्या, नेहमीचं बुरशीनाशक मारा. रोग शिरल्यावर वेलीला उठवून उपयोग नाही.

आणि हे दादा विचारतायत, पाण्याची ओळ रस्त्याकडेची ठेवली तर चालेल का? नको. तिथे धूळ बसते, शेजाऱ्याचा फवाराही उडून येतो. बागेच्या मधली ठेवा, आणि खांबाला चिंधी बांधा, नाहीतर गडी सवयीने तिच्यावरही अर्क मारून मोकळा होईल.