पडद्यावरून माणसांत

नमस्कार श्रोतेहो!

उद्याच्या बैठकीत सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायची आहे, एवढ्या एका गोष्टीसाठी आदली रात्र जागून काढणारी माणसं आहेत. फोन वाजला की ती तो थांबायची वाट बघतात. चारचौघांत दोन वाक्यं बोलून घरी आली, की तीच वाक्यं रात्री उशिरापर्यंत उकरत बसतात. त्यांना लाजाळू म्हणून सोडून देऊ नका. ही सोशल अँक्झायटी, म्हणजे सामाजिक भयगंड. हा आजार बहुधा शाळकरी वयातच मूळ धरतो.

आता पेच बघा. अनोळखी माणसाशी बोलायचीच ज्याला धास्ती, त्याला आपण सांगतो, अनोळखी डॉक्टरकडे जा आणि मन मोकळं कर! कित्येक जण त्या दारापर्यंत पोचतच नाहीत. संगणकावरून मिळणारा उपचार मला म्हणूनच मोलाचा वाटतो. स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ गेरहार्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ आठवडे धडे वाचायचे, गृहपाठ करायचा आणि उपचारकाचं उत्तर ईमेलवर घ्यायचं. रुग्णांना त्याचा चांगला फायदा झाला.

पण या भीतीत होतं काय? डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेला विचार इथे कामी येतो. घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं. कान तापलेत, म्हणजे मी लालबुंद दिसत असणार, असं तो धरून चालतो. मग हात थरथरताना दिसू नये म्हणून पेला घट्ट आवळतो, बोलायच्या आधी वाक्य मनात घोकतो, नजर खाली ठेवतो. आणि वेळ निभावली, की श्रेय जातं त्या आवळलेल्या पेल्याला! भीती खोटी होती का, हे तपासलंच जात नाही.

क्लार्क यांच्या इंटरनेटवरच्या उपचारात ते तपासायला लावतात. एकदा या सगळ्या युक्त्या वापरून कुणाशी तरी बोलायचं, एकदा त्या सोडून. दोन्हींचं चित्रीकरण होतं. ते बघण्याआधी, आपण कसे दिसलो असू ते लिहून काढायचं आणि मग परक्या माणसाकडे बघावं तसं स्वतःकडे बघायचं. मनातला तो लालबुंद, अडखळणारा माणूस पडद्यावर सहसा सापडत नाही. हे शंभर वेळा समजावून सांगितलं तरी पटत नाही, डोळ्यांनी बघितलं की पटतं. समोरासमोरच्या उपचाराइतकाच गुण याने येतो आणि उपचारकाचा वेळ बराच वाचतो, असं त्यांच्या चाचणीत दिसलं.

पडद्यावरच्या रागीट चेहऱ्यांवरून लक्ष हटवण्याचे सरावही मध्यंतरी बरेच गाजले. सुरुवातीला आशा होती, पुढच्या अभ्यासांत परिणाम तोकडा निघाला.

तेव्हा असा कार्यक्रम निवडताना दोन गोष्टी बघा. तुमचं लिहिलेलं वाचून उत्तर देणारा प्रशिक्षित माणूस त्यामागे आहे का? त्याने गुण जास्त येतो आणि उपचार अर्धवट सुटण्याची शक्यता कमी होते. दुसरं, गृहपाठ तुम्हाला घराबाहेर पाठवतो का? दुकानात एखादी वस्तू कुठे आहे ते विचारा, सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा, काय दिसलं ते लिहा, असं काम त्यात हवंच. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र धड्यांची वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या आणि आजच डॉक्टरांकडे जा.

नमस्कार.