संग्रहाचा लिलाव आणि त्याची यादी

श्रोतेहो, नमस्कार.

कुणी आयुष्यभर जमवलेली पुस्तकं लिलावात निघाली की आपण हळहळतो. एकत्र नांदलेली पुस्तकं आता पांगणार! पण लिलावाची यादी मन लावून केलेली असेल, तर संग्रह पांगला तरी हरवत नाही, असं मला ठामपणे वाटतं. फ्रेंच लेखक एडमंड द गोंकूर १८९६ मध्ये वारले. आपला संग्रह संग्रहालयात न ठेवता लिलावात विकावा, म्हणजे एकेक वस्तू मिळवताना आपल्याला झालेला आनंद पुन्हा कुणा रसिकाला होईल, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. मला ही इच्छा फार उदार वाटते.

आता यादी कशी असावी? इंग्रज लेखक आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८९१ मध्ये लंडनमध्ये केल्मस्कॉट हा छापखाना काढला. त्यांनी १८९६ मध्ये छापलेल्या जुन्या इंग्रज कवी चॉसरच्या ग्रंथात चित्रकार बर्न-जोन्सची ८७ चित्रं आहेत. कागदावर ४२५ प्रती निघाल्या, चर्मपत्रावर फक्त १३. म्हणजे यादीत नुसतं ‘चॉसर, सचित्र’ लिहून काय उपयोग? प्रत कागदाची की चर्मपत्राची, बांधणी मूळची की नंतरची, हे आलंच पाहिजे.

लंडनच्याच डव्हज प्रेस या छापखान्याची गोष्ट तर चटका लावणारी. मालकांपैकी एक, कॉबडेन-सँडरसन, यांनी १९१६-१७ मध्ये आपल्या छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, थेम्स नदीत फेकून दिले. भागीदाराच्या हाती ते पडू नयेत म्हणून! काही खिळे २०१४ मध्ये सापडले खरे, पण त्या छपाईचं खरं रूप आजही त्या पुस्तकांतच पाहावं लागतं.

सचित्र ग्रंथांत एक घात होतो. पानं कापून, चौकटीत घालून सुटी विकली जातात. चित्रकार ऑड्युबॉनच्या अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या ग्रंथात ४३५ चित्रपानं आहेत. असा ग्रंथ विकताना एकेक पान मोजावंच लागतं. उणीव असेल तर ती यादीत स्पष्ट लिहावी. डाग, बांधणीचा फाटलेला सांधा, दुरुस्ती, काहीही लपवू नये.

पैशांचं थोडक्यात सांगते. विकणाऱ्याने राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली पुस्तक विकायचं नाही ती, आधी ठरवून घ्यावी. घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं की शेवटच्या बोलीवर लिलावगृहाचं शुल्क वेगळं चढतं.

आणि ज्यांच्या घरात असा संग्रह आहे, त्यांना कळकळीची विनंती. लिलावाआधी पुस्तकं नव्याने बांधून घेऊ नका. मालकाची नावाची चिठ्ठी खरवडू नका, पेन्सिलीच्या नोंदी खोडू नका. जुन्या पावत्या, विक्रेत्यांची पत्रं एका पाकिटात घालून यादी करणाऱ्याच्या हाती द्या. पुस्तक कुणाकुणाच्या हातून आलं, हे त्याला त्यांवरूनच जुळवता येतं.