दुकानामागचा घाऊक व्यापारी: भाविन तुरखिया आणि डोमेन नावांचा व्यवसाय

नमस्कार. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या छोट्या व्यवसायाच्या, समजा गल्लीतल्या क्लासच्या किंवा घरपोच हापूस पाठवणाऱ्या बागायतदाराच्या, संकेतस्थळाचा पत्ता घ्या आणि त्या नावाची ‘हूइज’ नोंद, म्हणजे ते नाव कोणामार्फत नोंदले गेले याची इंटरनेटवरची माहिती, उघडून पाहा. त्यात ‘रजिस्ट्रार’ असा एक रकाना असतो. तिथे ‘पीडीआर लिमिटेड’ हे नाव दिसण्याची बरीच शक्यता आहे. त्या बागायतदाराने हे नाव बहुधा कधी ऐकलेलेही नसते, कारण त्याने पैसे दिलेले असतात ते वेबसाइट बनवून देणाऱ्या ओळखीच्या मुलाला. या पडद्यामागच्या कंपनीची पाळेमुळे मुंबईतल्या ‘डायरेक्टी’ या उद्योगात आहेत, आणि तो उभा करणारे उद्योजक भाविन तुरखिया यांची कारकीर्द समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

१९९८ साली भाविन १८ वर्षांचे आणि त्यांचे धाकटे बंधू दिव्यांक १६ वर्षांचे होते. वडिलांकडून २५ हजार रुपये उसने घेऊन त्यांनी ‘डायरेक्टी’ सुरू केली. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. आधी वेब होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळांसाठी सर्व्हरवर जागा देणे, आणि त्याला जोडून डोमेन नावे, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, असा हा व्यवसाय वाढला.

वेळ त्यांच्या बाजूने होती. १९९९ पर्यंत ‘डॉट कॉम’ नावांची नोंदणी ‘नेटवर्क सोल्यूशन्स’ या एकाच अमेरिकी कंपनीच्या हातात होती आणि दोन वर्षांसाठी ७० डॉलर मोजावे लागत. मग इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेच्या देखरेखीखाली ही मक्तेदारी मोडली. डॉट कॉमची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या रजिस्ट्रीला तेव्हा वर्षाला ६ डॉलर द्यायचे आणि आयकॅनची मान्यता मिळवून नाव ग्राहकाला विकायचे, ही मुभा रजिस्ट्रार कंपन्यांना मिळाली. स्पर्धा वाढली तसा एका नावामागचा नफा अगदीच थोडा उरला. पण डोमेन नाव कायमचे विकले जात नाही. ते मुदतीपुरते भाड्याने दिल्यासारखे असते, आणि ज्याने दुकानाच्या पाटीवर, पावतीवर, व्हिजिटिंग कार्डावर ते छापले आहे तो शक्यतो नूतनीकरण चुकवत नाही. लाखो नावे आणि ठरल्या वेळी येणारी थोडी थोडी रक्कम, हे या व्यवसायाचे खरे गणित.

इथे तुरखिया यांनी घेतलेला निर्णय मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकेका ग्राहकामागे धावण्याऐवजी त्यांनी ग्राहक गाठून देणाऱ्यांना माल पुरवायचे ठरवले. त्यांचा ‘रिसेलरक्लब’ म्हणजे डोमेन नावांचा घाऊक बाजार. समजा, सांगलीतल्या एका वेब डिझायनरने तिथे खाते उघडून काही रक्कम आगाऊ भरून ठेवली आहे. त्याचा ग्राहक त्याच्याच संकेतस्थळावर हवे ते नाव टाकतो. विचारणा रिसेलरक्लबच्या यंत्रणेमार्फत रजिस्ट्रीपर्यंत जाते, नाव मोकळे असल्याचे उत्तर येते, डिझायनरच्या खात्यातून घाऊक दराने पैसे वळते होतात आणि नोंदणी काही सेकंदांत पूर्ण होते. पावतीवर नाव डिझायनरचे, नफा किती ठेवायचा हेही त्याने ठरवायचे. पुरवठादार ग्राहकाला कुठेच दिसत नाही. आपले नाव मागे ठेवून दुसऱ्याचे दुकान चालू द्यायला मोठा संयम लागतो, आणि विशीतल्या तरुणाने तो दाखवला याचे मला खरोखर कौतुक वाटते. याच काळात त्यांनी आयकॅनमधल्या रजिस्ट्रार कंपन्यांच्या गटाचे अध्यक्षपदही सांभाळले.

२०१२ मध्ये आयकॅनने ‘कॉम’सारख्या, ‘डॉट’नंतर येणाऱ्या नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले. एका अर्जाचे शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर होते आणि जगभरातून १,९३० अर्ज आले. त्यांतले ३१ तुरखिया यांच्या ‘रॅडिक्स’ या नव्या कंपनीचे होते, म्हणजे केवळ शुल्कापोटी ५७ लाखांहून अधिक डॉलर. रजिस्ट्रार हा शेवटी दुसऱ्याने ठरवलेल्या दराने माल उचलतो. डॉट कॉमचा घाऊक दर कराराने बांधलेला असतो, तर नव्या शेपटांचा दर रजिस्ट्री स्वतः ठरवते. तुरखिया यांना आता साखळीच्या वरच्या टोकाला पोहोचायचे होते.

एका शेपटावर अनेकांनी दावा केला आणि तडजोड झाली नाही, की आयकॅन लिलाव घेई. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘डॉट टेक’ रॅडिक्सने ६७ लाख ६० हजार डॉलरना जिंकले. ‘सीईएस’ हे लास व्हेगासचे प्रख्यात तंत्रज्ञान प्रदर्शन आज याच शेपटाच्या पत्त्यावर आहे. २०१६ मध्ये ‘डॉट वेब’ची बोली १३ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत चढली. रॅडिक्सही त्या स्पर्धेत होती, पण ते नाव दुसऱ्याकडे गेले. ‘डॉट ऑनलाइन’, ‘डॉट स्टोअर’, ‘डॉट साइट’ मात्र रॅडिक्सकडे आहेत. ही नावे घेणाऱ्यांना एक कळकळीची सूचना: पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर आधी पाहा, कारण तो अनेकदा कितीतरी पट असतो.

रजिस्ट्रीचा डाव असा मांडत असतानाच, २०१४ मध्ये, रिसेलरक्लब, ‘बिगरॉक’ आणि ‘लॉजिकबॉक्सेस’ हे तुरखिया यांचे डोमेन नावांचे जुने व्यवसाय ‘एन्ड्युरन्स’ या अमेरिकी कंपनीला विकले गेले. दिव्यांक यांची ‘मीडिया डॉट नेट’ ही ऑनलाइन जाहिरातींची कंपनी २०१६ मध्ये सुमारे ९० कोटी डॉलरना एका चिनी गटाने घेतली.

भाविन पुढे बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या ‘झेटा’कडे वळले, तरी डोमेनचे क्षेत्र त्यांनी सोडले नाही. त्यांची ‘टायटन’ ही सेवा व्यावसायिक ईमेल पुरवते. २०२१ मध्ये ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ चालवणाऱ्या ‘ऑटोमॅटिक’ने तिच्यात ३ कोटी डॉलर गुंतवले. टायटनचा ईमेल ग्राहकांपर्यंत पोहोचतो तो मुख्यतः डोमेन आणि होस्टिंग विकणाऱ्या कंपन्यांमार्फत, नाव विकत घेतल्यावर पुढच्याच पानावर विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नातून: या नावाचा ईमेलही हवा आहे का?