पाय गरम झाले का?

[दृश्य: मे महिन्याची अखेर. महाड तालुक्यातलं एक घर. पडवीत लाकडांची रास.]

आगोटीचे दिवस. पाऊस यायच्या आत लाकडं पडवीत आली पाहिजेत, शेणी रचल्या पाहिजेत, शाकारणी उरकली पाहिजे. घरातली पोरंही हाताशी असतात. सात-आठ वर्षांचा एखादा मुलगा खालची ढलपी उचलतो आणि किंचाळतो. बोटाएवढा, तांबूस विंचू. इंगळीपुढे अगदीच किरकोळ.

कोकणात लहानपणी भीती घालतात ती इंगळीची. काळीकुट्ट, थोराड. खरं तर तिच्या विषात तेवढा दम नाही. माणूस मारतो तो हा तांबडा.

मुलगा थोडा वेळ रडतो, मग गप्प होतो. आईला वाटतं, उतरलं. तेवढ्यात त्याला उलटी होते. मग घाम. सदरा पिळून काढावा इतका. आणि एवढ्या घामात हातपाय मात्र विहिरीच्या पाण्यासारखे गार.

विंचवाच्या बाबतीत एक गोष्ट उलटी आहे. दंशाच्या जागी ठणका लागून जो रात्रभर गडाबडा लोळतो, तो बहुधा वाचणारा. ज्याचं दुखणं नवल वाटावं इतकं कमी, त्याच्याकडे डॉक्टर डोळे लावून बसतात. तांबड्या विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं सताड उघडी ठेवतं. शरीरात ॲड्रेनालिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. तोंडाला गुलाबी फेस येतो. चांगलं खेळतं पोर काही तासांत जातं.

[दृश्य: बिरवाडीकडे जाणारा रस्ता, कारखान्यांच्या चिमण्या.]

बिरवाडी. आज हे नाव महाडच्या एमआयडीसीमुळे कानावर येतं. १९७६ साली इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक तरुण डॉक्टर रुजू झाला. हिंमतराव बावस्कर. विंचू चावलेली माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती आणि पुस्तकात त्यावर धड उपाय नव्हता. सलाईन, स्टेरॉइड, ॲट्रोपिन, जे हाताशी असेल ते दिलं जायचं. त्यातलं काही निरुपयोगी होतं, तर काही सरळ घातक. पाण्याने तुडुंब भरलेल्या फुप्फुसाला आणखी सलाईन म्हणजे बुडत्याला घागरभर पाणी.

बावस्करांनी काय केलं, तर ते खाटेशेजारी बसले. रात्र रात्र बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचं तापमान, सगळं टिपत राहिले. ना मॉनिटर, ना अतिदक्षता विभाग. अशा नोंदींतून त्यांच्या ध्यानात आलं की जीव जातो तो हृदय थकल्यामुळे. हे त्यांनी ‘लॅन्सेट’ला कळवलं. जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात एका आरोग्य केंद्राच्या पत्त्यावरून गेलेला मजकूर छापून आला.

पुढे पुण्याला एम.डी. करून ते परत याच भागात आले. मोठ्या शहरात दवाखाना थाटला असता तर कुणी नावं ठेवली नसती. सुरुवातीला त्यांनी नायट्रोप्रुसाइड वापरलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. गुण आला, पण ते थेंबाथेंबाने द्यायचं, बाटलीला उजेड लागू द्यायचा नाही, रक्तदाब सतत मोजत राहायचं. डॉक्टर खाटेवरून हलला की घात. आरोग्य केंद्रात डॉक्टर एक आणि बाहेर रांग. हे कसं जमायचं?

मग प्राझोसिन. रक्तदाबाची गोळी. स्वस्त, तोंडाने घ्यायची, कुठल्याही आरोग्य केंद्राच्या कपाटात मावेल अशी. मुलांना वजनाच्या हिशेबाने, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी. कधी थांबायचं? हातपाय कोरडे आणि गरम झाले की. १९८६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पूर्वी विष अंगभर भिनलेल्या शंभरातले चाळीसएक जण दगावायचे, तिथे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडचीच आणखी एक चाचणी छापून आली. ७० रुग्ण. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला हाफकिनची विंचूदंशाची लस, म्हणजे विषावरचा उतारा. नुसत्या गोळीवर पूर्ण बरं व्हायला सरासरी साडेसतरा-अठरा तास लागले, लसीबरोबर आठ. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर सोबत होत्या. हिंमतरावांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आकडे झाले. आता ती खाट बघा.

[दृश्य: हिरव्या चादरीच्या टोकाशी दोन लहान पाय. मोठ्या माणसाचा हात त्यांवर टेकतो.]

गोळी पोटात गेली आहे. मुलगा निपचित. आईचा जीव राहत नाही, ती त्याला छातीशी घ्यायला वाकते, आणि सिस्टर ओरडतात, “वहिनी, उचलू नका त्याला! आडवाच राहू दे.” कारण पहिल्या मात्रेला रक्तदाब झपकन खाली येतो. उभं धरलेलं पोर बेशुद्ध पडू शकतं. आईने करण्यासारखं एकच असतं, पायाला हात लावून बघायचं. दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारतं, “पाय गरम झाले का?” पहाटेकडे ती म्हणते, “अंगठे झाले वाटतं.”

यंत्र एकही नाही. तरीही याला अतिदक्षता म्हणायला माझी हरकत नाही.

[दृश्य: जांभ्याचा कातळ, सुकलेलं गवत. कॅमेरा दक्षिणेकडे.]

रत्नागिरी ओलांडून खाली आलं की मुक्काम फुरशाच्या राज्यात. वीतभर-हातभर साप, चिऱ्याच्या रंगात मिसळलेला, डिवचला तर अंगाची वेटोळी घासून करवतीसारखा आवाज करणारा. ब्रिटिशांच्या काळात या भागात फुरसं मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळायचं.

फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या खरचटलेल्या जागेतून रक्त झिरपत राहतं. ते ओळखायची जी तपासणी आहे, ती बघून आमचा कॅमेरामन हसला होता. एक काचेची नळी. स्वच्छ, कोरडी. तीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, स्टँडमध्ये उभी करायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग अलगद आडवी करायची. रक्त दह्यासारखं धरलं असेल तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं, तर लस चालू. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही आणि मग फुकटची लस टोचली जाते.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ आणि नळी. वीस मिनिटांचा शॉट, पंधरा सेकंदांत.]

त्या वीस मिनिटांत नातेवाईक काय काय म्हणतात ते आम्ही ऐकलं. “नुसते बसलेत बघा.” “पेशंटला हात पण लावत नाहीत.” त्यांचाही दोष नाही. आपल्याकडे इलाज म्हणजे धावपळ, सुई, बाटली. स्टँडमधल्या नळीकडे बघत बसणं हा इलाज वाटत नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांवर लस एकच, घोड्याच्या रक्तापासून केलेली. साप पकडून आणायची गरज नाही. मात्रा लहान मुलाला आणि मोठ्याला सारखीच, कारण सापाने विष माणूस बघून कमी-जास्त सोडलेलं नसतं. लस दिल्यावर लगेच पुन्हा नळी भरण्यातही अर्थ नाही. रक्त गोठवणारे घटक यकृताने नव्याने तयार करायला सहाएक तास जातात. म्हणजे पुन्हा थांबणं.

[दृश्य: जुलै. लावणीची शेतं, चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतलेले पाय.]

सिंधुदुर्गात कुणी म्हणालं, “बांबोळीला हलवलं”, की ऐकणारा पुढचं विचारत नाही. चेहऱ्यावरूनच कळतं. बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. पत्रादेवीचा नाका ओलांडायचा. रत्नागिरीकर आंबा घाटाने कोल्हापूर गाठतात, चिपळूणकर कुंभार्ली चढतात, महाडकर मुंबईची वाट धरतात. सिंधुदुर्गात २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सवय मात्र अजून घाटाची आणि नाक्याचीच आहे.

लावणीच्या दिवसांत तिकडे जाणाऱ्यांत लेप्टोचे रुग्ण असतात. उंदराच्या मुताबरोबर जंतू शेताच्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून आत शिरतो. ताप, लाल डोळे, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात. या टप्प्यावर साधं अँटिबायोटिक पुरतं. पण लावणी अर्धी टाकून दवाखान्यात कोण जातं? अंग दुखतंय ते कामानेच, असं म्हणत चार दिवस जातात. पाचव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी कमी, थुंकीत रक्त.

मग व्हेंटिलेटर. फुप्फुसात रक्त उतरलेल्या माणसाला यंत्राने छाती फुगवून भरभरून हवा द्यावी असं कुणालाही वाटेल, आणि बरीच वर्षं तसंच चालायचं. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं की नेहमीच्या निम्मा, लहान श्वास दिला तर मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर येतात. जादा हवाच नाजूक फुप्फुस फाडत होती.

आत आम्ही कॅमेरा नेला नाही. नेऊ दिला असता तरी नसता नेला. जे आहे ते दाराबाहेरचं.

[दृश्य: काचेच्या दाराबाहेर चपलांची रांग. फणसाच्या गऱ्यांचा डबा, थर्मास, कागदपत्रांची पिशवी.]

एक काका फोनवर गावाकडे बोलत आहेत. तिकडे देवळात गाऱ्हाणं घालायचं आहे. फोन स्पीकरवर टाकलेला. पलीकडून गुरवाचा आवाज, “बा देवा म्हाराजा...” आणि इकडे वॉर्डाच्या दारात चारजण हात जोडून एका सुरात, “व्हय म्हाराजा!” वॉर्डबॉयने वळून बघितलं. गप्प करायला आला असेल असं वाटलं. तोही हात जोडून उभा राहिला.

[दृश्य: रात्र. १०८ रुग्णवाहिकेचा निळा दिवा, ओला रस्ता.]

शेवटची गोष्ट मण्यारीची. हा साप रात्री घरात येतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि दुखत जवळपास नाहीच. माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शब्द जिभेवर अडतात. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. नागाच्या विषावर चालणारं नीओस्टिग्मिन इथे बहुधा काही करत नाही. मण्यार नसेचं टोकच निकामी करते आणि ते नव्याने उभं राहायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर कुणीतरी त्याच्या वाटणीचा श्वास घ्यायला हवा. तेवढं जमलं तर माणूस बहुतेक पूर्ण बरा होतो.

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा हाच प्रश्न होता. श्वास बंद पडलेले रुग्ण फार आणि यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने श्वासनळीत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबायला लावली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभाग ही कल्पना जन्मली ती अशी. चारच वर्षांनी डेन्मार्कमध्येच अंबू बॅग तयार झाली, दाबून सोडली की आपोआप फुगणारी पिशवी.

तीच अंबू बॅग या रुग्णवाहिकेत आहे. सावंतवाडीच्या पलीकडच्या एका गावचा पस्तिशीचा माणूस स्ट्रेचरवर, श्वासनळीत नळी. डॉक्टर आणि गावचाच एक मुलगा आळीपाळीने पिशवी दाबतायत. पाच-सहा सेकंदांना एकदा. घाई केली तर चूक, विसरलं तर संपलं. दीड तासाच्या वाटेत नऊशे-हजार वेळा. मुलगा मोठ्याने आकडे मोजत होता. पाचशेनंतर त्याचा आवाज बसला, मग नुसते ओठ हलत राहिले.

मण्यारीच्या रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्याही मोठ्या आणि निश्चल होऊ शकतात. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. रुग्णवाहिकेच्या दारात त्याची बहीण तसंच म्हणाली होती, रडत, मोठ्याने.

[दृश्य: तेच घर, अडीच महिन्यांनंतर. पडवीत तो बसलेला. मांड्या बारीक झालेल्या.]

तो अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. घरी आला तेव्हा नारळ सोलायला घेतला आणि कोयता हातातून सुटला. अतिदक्षता विभागात पडून राहिलेल्याचे स्नायू झपाट्याने झडतात. त्यातून वर यायला महिने लागतात आणि हे डिस्चार्जच्या कागदावर कुठेच नसतं. झोप उडते, भलतंसलतं दिसल्याचं आठवतं. त्याला वाटायचं, छताच्या पंख्याला कुणीतरी जाळं बांधलंय आणि तो त्यात अडकलाय.

बहिणीच्या रडण्याबद्दल आम्ही भीत भीत विचारलं.

“माका सगळा आयकाक येय होता,” तो म्हणाला. “डोळे उघडूक मात्र जमना नाय होता.”

बहीण आत गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

मग तो त्या मुलाबद्दल बोलला, पिशवी दाबणाऱ्या. त्याचा आवाज कानात होता म्हणाला. चारशे बारा, चारशे तेरा. मधेच एकदा आकडा चुकला होता, मुलाने तीनशेऐंशी दोनदा म्हटलं. ते अजून आठवतं. “त्याका सांगूचा हा.” मुलगा सध्या पुण्याला कामाला आहे, गणपतीत येईल.

शुद्धीवर आल्यावर, नळी काढल्यावर तो पहिलं काय बोलला, ते त्याच्या बायकोने सांगितलं. सगळे खाटेभोवती वाकले होते, देवाचं नाव घेईल, पोरांबद्दल विचारेल म्हणून. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आधी खाट हाडा.”

[दृश्य: माजघरात नवी लोखंडी खाट. वर मच्छरदाणी, चारही कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या.]