परसातली हिरवळ: आधी जमीन, मग गवत

मित्रहो, परसात तण माजले की आपल्या हातून होणारी पहिली चूक घाईची असते. सुट्टीच्या एका दिवशी कुदळ घेऊन सगळी जमीन उलथीपालथी करायची, वर आलेले गवत वेचून फेकायचे आणि दुसऱ्याच आठवड्यात लॉन आणून अंथरायचे, ही पद्धत दिसायला झटपट असली, तरी दोन-तीन महिन्यांत तेच तण पहिल्यापेक्षा दाट होऊन नव्या गवतातून डोके वर काढते. असे का होते हे नीट समजले, तर पुढची बरीचशी कामे आपोआप ठरतात. म्हणून आज माझा अधिक वेळ मी गवतावर नव्हे, तर जमिनीखाली काय चालते यावर देणार आहे.

लव्हाळ्याचेच उदाहरण घ्या. त्याचे पाते धरून ओढले तर ते सहज हातात येते आणि आपल्याला वाटते, काम झाले. पण त्याच जागी खुरपे वीतभर खोल घालून माती अलगद बाजूला केली, तर तारेसारखा बारीक, तपकिरी दोरा दिसतो. त्या दोऱ्याला हरभऱ्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी काळपट गाठ असते. ती नखाने फोडली तर आत पांढरट गर निघतो आणि उग्र, सुगंधी वास येतो. दोरा तिथे संपत नाही. तो पुढच्या गाठीकडे जातो आणि तिथून तिच्याही पुढच्या गाठीकडे. या माळेतल्या थोड्याच गाठी एका वेळी कोंब काढतात, बाकीच्या निपचित पडून असतात. आपण कुदळ मारली की माळ तुटते आणि तुटलेली गाठ स्वतंत्रपणे फुटायला मोकळी होते. म्हणजे एका लव्हाळ्याचे दहा आपणच करतो.

त्यावर उपाय आहे, पण तो चिकाटीचा आहे. रोपे मोजकी असतील तर दोऱ्याचा माग काढत सगळी माळ उकरून काढावी. जागा मोठी असेल तर दर पंधरा दिवसांनी हिरवा भाग जमिनीलगत कापत राहावे, म्हणजे गाठीतला साठा नवे पाते काढण्यात खर्च होतो आणि तो भरून निघायला पानांना अवधी मिळत नाही. लव्हाळ्याची आणखी एक दुबळी बाजू आहे: त्याला सावली सोसत नाही. पुढे गवत दाट झाले की ही गोष्ट आपल्या उपयोगी पडते.

बियांपासून येणाऱ्या तणांची गोष्ट वेगळी. एका चौरस मीटर मातीत तणाच्या हजारो बिया दडलेल्या असू शकतात आणि त्यांपैकी कित्येकींना रुजण्यासाठी उजेडाचा नुसता स्पर्श पुरतो. खोल खणणे म्हणजे तळातल्या बियांना वर आणून उजेड दाखवणे. म्हणून जमीन एकदाच खणून सपाट करावी, पाणी द्यावे आणि काहीही न लावता दोन-तीन आठवडे थांबावे. जे तण उगवेल ते दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल न जाता खुरप्याने खरवडून काढावे. असे दोन-तीन वेळा केले की वरच्या थरातला साठा बराच आटतो. कडक उन्हाळा असेल तर ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे पसरून ठेवावे; आतल्या उष्णतेने वरच्या काही सेंटिमीटरमधल्या बऱ्याचशा बिया मरतात. मात्र लव्हाळ्याच्या खोल गाठी याला दाद देत नाहीत, हे लक्षात असू द्यावे. गाजरगवत असेल तर ते फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे, कारण त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो आणि एकेक मोठे झाड हजारोंनी बिया टाकते.

आता जमिनीची घडण. जमिनीचा उतार घरापासून दूर, मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर ठेवावा. फूटभर खोल खड्ड्यात पाणी भरून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते साचलेले दिसले तर गवताचा विचार पुढे ढकलून आधी निचऱ्याची सोय करावी. माती चिकट असेल तर थोडी वाळू घालण्याचा मोह होतो, पण मूठभर वाळूने चिकण माती मोकळी होत नाही. चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट वरच्या 15 सेंटिमीटरमध्ये मिसळणे अधिक गुणकारी. हे सगळे काम वाफशावर करावे. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि अंगठ्याने टोचताच तो फुटावा, तेव्हा वाफसा आला असे समजावे. ओल्या मातीत चालले-खणले तर ढेकळे होतात आणि ती पुढे कितीतरी दिवस छळतात.

गवताची निवड उन्हावरून करावी. आपण शेतात तण म्हणून उपटतो ती हरळीच भरपूर उन्हात मुलांच्या धावपळीला सर्वांत चिवट ठरते. तुडवली तरी ती आडव्या खोडांनी जागा पुन्हा भरून काढते. पण तिला रोज सहा तास तरी थेट ऊन हवे. झाडाखाली ती विरळ होते आणि त्या विरळ जागी तण शिरते, म्हणून दाट सावलीत गवताचा हट्ट न धरता सावली सोसणारी झाडे लावावीत. हरळीचे ठोंब आठ-दहा सेंटिमीटर अंतरावर लावले तर स्वस्तात काम होते; तयार लॉनच्या गाद्या झटपट दिसतात, पण त्यांच्याखालची माती ढेकळांची राहिली तर मुळे खाली उतरत नाहीत.

सुरुवातीला माती सतत ओलसर ठेवावी. गवत धरले की पाणी कमी वेळा पण खोलवर द्यावे आणि तेही सकाळी. रोजच्या शिडकाव्याने मुळे वरच राहतात. कापताना एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. फार खाली कापलेल्या गवतात माती उघडी पडते आणि उघडी माती म्हणजे तणाला आमंत्रण. चार सेंटिमीटरच्या आसपास उंची राखली की हिरवळ स्वतःच तणावर सावली धरते.

पहिले सहा ते आठ आठवडे मुलांना खेळायला दुसरी जागा द्यावी. नंतर मात्र खुशाल सोडावे आणि पावले कुठे पडतात ते पाहावे. पाण्याच्या नळापासून दारापर्यंत एक वाट आपोआप पडेल. तिथे गवत पुन्हा पुन्हा लावण्याऐवजी फरशीचे तुकडे बसवावेत. झोपाळ्याखाली तर गवत टिकणारच नाही. तिथे आधीपासूनच वाळूचा जाडसर थर घालावा, म्हणजे मुलांचे गुडघेही वाचतात.